तळ दिसणारं पाणी

चाचा पाण्याला घाबरायचे. पण कुठल्याही पाण्याला नाही हं. गढूळ ओढा, रस्त्यावरचं डबकं, पुराचं लालभडक पाणी, याचं त्यांना काही वाटायचं नाही. लांबून बघून खुशाल पुढं जायचे. पाणी निवळ असलं आणि त्यात तळ दिसत असला, की त्यांचा चेहरा उतरायचा. सत्तरीच्या पुढचा, चांगला उंचापुरा माणूस, आणि बादलीभर स्वच्छ पाणी बघून एक पाऊल मागं सरकायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडावर ओढणी धरून हसले होते.

ते आमचे घरमालक. बारामतीजवळच्या कन्हेरीत त्यांचं आणि त्यांच्या पुतण्याचं, रफिकभाईंचं, एकच घर होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. माझा नवरा एमआयडीसीत पाळीवर, मी बारामतीत एका खाजगी दवाखान्यात नर्स, आणि चिऊ आमची पहिलीत. चाचांना मूलबाळ नव्हतं, असं आम्हाला कळलं होतं. पुतण्या चाचा म्हणायचा म्हणून आम्हीही चाचा म्हणायला लागलो.

खोल्या मी पाहताक्षणी हो म्हटलं, त्याचं कारण शेततळं. दारात उभं राहिलं की डाळिंबाच्या बागेच्या कडेला ते दिसायचं. माझं माहेर सुप्याकडचं. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर, आणि टँकर म्हणजे भांडण. एवढं मोठं पाणी रोज उठून बघायला मिळणार, या एका गोष्टीवर मी भुलले. पोहायला येत नव्हतं. येणार कुठून? आमच्या गावात बुडण्याएवढं पाणी मी कधी पाहिलंच नव्हतं.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी बघते तर चाचा घमेलं भरून काळी माती घेऊन तळ्याकडं निघालेले. कुंपणाचं फाटक उघडलं, काठापासून हातभर लांब उभे राहिले आणि माती दिली भिरकावून पाण्यात. माझ्या जिवाला असं लागलं की विचारू नका. मी तशीच धावत गेले.

"अहो चाचा, काय करताय हे?"

"पाणी घाण करतोय," ते म्हणाले. दात घासतोय म्हणावं, इतक्या सहज.

"पण का?"

"तळ दिसाया लागला हुता."

एवढं बोलून रिकामं घमेलं घेऊन गेलेही. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मालक जरा सरकलेले आहेत, चिऊला फार त्यांच्याकडं पाठवत जाऊ नको.

सगळं गाव पाणी गाळायच्या मागं आणि हा एक माणूस गढूळ करायच्या मागं. ठिबकच्या नळ्यांना माती चालत नाही. रफिकभाईंना सारखा फिल्टर खोलून धुवावा लागायचा, तरी बारीक छिद्रं बुजायचीच आणि ओळीच्या टोकाची झाडं मान टाकायची. फिल्टर धुताना रफिकभाई शिव्या द्यायचे. चाचांना कधी नाही. फिल्टरला, कंपनीला, स्वतःच्या नशिबाला. चाचा तिथंच बाजेवर बसून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेलं उचलायचे.

पूर्वी त्यांचं इंदापुरात चष्म्याचं दुकान होतं. काचा स्वतः घासायचे. त्या दुकानाची एक तऱ्हा अजून इंदापुरातली म्हातारी माणसं सांगतात. जाड भिंगाचा नवा चष्मा घेतलेल्या माणसाला चाचा सोडायचेच नाहीत. त्याचा हात धरून दुकानाची पायरी उतरवायचे, चढवायचे, पुन्हा उतरवायचे. "पायरी वर आल्यावानी वाटती का? मग डोळ्याला ईचारू नका, पायाला ईचारा." गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, मला एसटी गाठायचीय. तरी सुटका नाही. पोरं टिंगल करायची, की चष्म्याबरोबर चाचाही फुकट मिळतो, एसटी स्टँडापर्यंत.

दुकान बंद केल्यावर तिथली एकच वस्तू त्यांनी आणली होती, काचेचा एक जाडजूड ठोकळा. विटेएवढा, वर वर बघितलं तर असून नसल्यासारखा. कुणीही घरी आलं की चाचा पेपर पसरायचे आणि त्यावर तो ठेवायचे. दूधवाला तर लांबूनच ओरडायचा, "चाचा, बघितलाय, बघितलाय!" मी नवीन, सापडले.

"वरनं बघ पोरी. अक्षर कुठं दिसतंय?"

बघितलं तर काचेखालचं अक्षर कागद सोडून वर आलेलं. जणू काचेच्या पोटात तरंगतंय.

"आता ठोकळ्याच्या बाजूला बोट लाव, अक्षर जितं वाटतंय तितं."

मी लावलं. माझं बोट कागदापासून चांगलं वर होतं. मी हसले. मला वाटलं गंमत आहे, आता चाचाही हसतील. ते हसले नाहीत. माझ्या बोटाकडं बघत राहिले.

"कागद तर खाली हाय," ते हळू म्हणाले. "उजेड काचेतनं भाईर निगतो तवा वाकतो. आपला डोळा भोळा, त्याला वाटतं सरळच आला. मग तो सरळ मागं जातो आन अक्षर वरच्यावर धरतो. पाण्याचं असंच हाय. तळ हाय त्याच्या वर दिसतो. काठावनं तिरकं बघितलं तर अजूनच वर. लेकराला वाटतं गुडघाभर हाय."

मग म्हणाले, "आन ह्या तळ्यात कागद हातरलाय. प्लॅस्टिकचा. ओल्या कागदावर पाय ठरत न्हाय. पवणारा गडीबी एकदा आत गेला की वर याला धरायला काय न्हाय त्याला."

त्या दिवसापासून मला हसू यायचं बंद झालं. खरं सांगते, त्याआधी मला पाण्याची भीती ठाऊकच नव्हती. ती मी चाचांकडून घेतली, भाड्यात धरून. दवाखान्यात सलाईन लावता लावता मध्येच मनात यायचं, चिऊ कुठं असेल? शाळा सुटली असेल. भाभींकडं, म्हणजे रफिकभाईंच्या बायकोकडं, ती जायची मी येईपर्यंत. मी फोन करायची. भाभी म्हणायच्या, "आहे हो ताई, जेवतेय." अर्ध्या तासानं पुन्हा करायची. त्या बिचाऱ्या वैतागायच्या, पण बोलायच्या नाहीत.

आणि मग चाचांचा रागही यायचा. उगाच भरवून दिलं हे भूत डोक्यात! त्यांच्या पुढ्यात काही बोलायची सोय नव्हती. एकदा रफिकभाईंच्या मेव्हण्याच्या लग्नात सरबत आलं, काचेच्या ग्लासातून, आत चमचा. चमचा पाण्याच्या पातळीवर मोडल्यासारखा दिसतो, आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. चाचांनी आपल्या ग्लासातला चमचा काढून ठेवला. मग शेजारच्याचा काढला. मग उठून पंगतीतून चालायलाच लागले, प्रत्येकाच्या ग्लासातला चमचा काढत. नवरदेवाच्या बापाला कळेना काय चाललंय. रफिकभाई मागून धावले. "चाचा, बसा की!" चाचा म्हणाले, "मोडल्यालं बघवत न्हाय रं." लोक हसले. मला नाही हसवलं. मी माझ्या ग्लासातला चमचा आधीच काढून ठेवला होता.

ते मोकळेपणानं हसलेले मला एकदाच आठवतात. चैत्रातलं ऊन, रफिकभाईंच्या टेंपोतून आम्ही इंदापूरला निघालो होतो. पुढं डांबरी रस्त्यावर पाणी साचल्यासारखं चमकत होतं, जवळ जावं तसं लांब पळत होतं. चिऊ ओरडली, "चाचा, पाणी!" मी भीत भीत त्यांच्याकडं पाहिलं. तर चाचा खुशीत.

"हे पाणी भलं हाय बेटा. ही सगळी तापल्या हवेची करामत. ह्या पाण्यात कुणी बुडत न्हाय."

आणि एवढे हसले की डोळे पुसावे लागले.

पण त्याच चाचांनी एका संध्याकाळी माझी झोप उडवली होती. आम्ही ओट्यावर बसलो होतो. सूर्य बागेच्या पलीकडं टेकला होता, मोठा, तांबडा. चाचा म्हणाले, "टेकलाय ना? तो गेलाय. खाली गेलाय कवाच. हवा उजेड वाकवती म्हणून आपल्याला अजून दिसतोय."

चिऊ म्हणाली, "मग आपण कुणाला बघतोय?"

चाचा उठले. काठी घेतली आणि तळ्याकडं गेले. मी चिऊला ओढून घरात घेतलं आणि दार लावलं, कारण नसताना.

मग त्या वर्षी कागद फाटला. रफिकभाईंनी जुना काढून नवा काळा कागद अंथरला, कालव्याचं पाणी आलं तेव्हा तळं भरून घेतलं आणि पाणी निवळल्यावर चाचांपुढं हात जोडले. मी तिथंच होते.

"चाचा, पाया पडतो. दोन ओळी वाळल्या मागल्या खेपेला. ह्या टायमाला बाग गेली तर माझं कंबरडं मोडंल. आता माती न्हाय टाकायची."

"पोरं येत्यात रं हितं."

"कुंपन हाय. फाटक हाय. दोर बांधलेत तुमी चारी बाजूनी. अजून काय करू?"

चाचांनी घमेलं पालथं घालून ठेवलं. मग म्हणाले, "मग मी बसतो तितं."

आणि बसले. छत्री, पाण्याचा तांब्या, लांब वेळू, आणि खुर्ची तळ्याकडं पाठ करून. कारण पाण्याकडं बघवायचं नाही. सकाळपासून ऊन कलेपर्यंत. गावातली माणसं म्हणायची, चाचा तळ्यातले मासे राखतोय. रफिकभाईंनी थोडे मासेही सोडले होते खरे. नितळ पाण्यात ते इतके छान दिसायचे, की चिऊ शाळेतून आली की चाचांच्या खुर्चीजवळ जाऊन बसायची, कुंपणातून मासे बघत. मी ओरडायची. चाचा म्हणायचे, "असू दे. माझ्याजवळ हाय तवर काय व्हत न्हाय." ते तिला शिकवायचेही. पाणी दिसलं की आधी उतरायचं नाही. आधी काहीतरी टाकायचं. ते तळाला टेकायला किती वेळ लागतो ते बघायचं. "डोळा फसतो बेटा. टाकल्याली वस्तू फसत न्हाय."

चिऊ मान डोलवायची. मला वाटायचं, ऐकतेय कुठली!

तो शुक्रवार होता. उन्हाळ्याची सकाळची शाळा. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. तेवढाच वेळ ते खुर्ची सोडायचे. मी ड्युटीवरून आले आणि भाभींना हाक मारली.

"चिऊ? ती तर मगाशीच आली. तुमच्याकडंच जाते म्हणाली की."

आमच्या दाराला कुलूप. ओट्यावर कुणी नाही. मी हाका मारल्या. मग माझं लक्ष तळ्याकडं गेलं. फाटक उघडं होतं. ठिबक चालू करायला रफिकभाई सारखे आतबाहेर करायचे, कडी राहून गेली असेल.

कशी पोचले माहीत नाही. काठावर चिऊच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. ऊन डोक्यावर आणि पाणी इतकं स्वच्छ की कागदाच्या घड्या मोजता आल्या असत्या. आणि खाली लाल. चिऊचा शाळेचा फ्रॉक लाल. ते लाल हलत होतं. त्यातून दोन हात वर आल्यासारखे दिसत होते.

पाणी कमरेएवढं होतं. आज विचाराल तर आजही मी शपथेवर सांगेन, कमरेएवढंच दिसत होतं. दोन पावलं उतरायचं, वाकायचं, हात घालायचा आणि उचलायचं. मला सगळं ठाऊक होतं हो! ठोकळा ठाऊक होता, माझं स्वतःचं बोट चुकीच्या जागी लागलेलं ठाऊक होतं. डोळ्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी "चिऊ!" म्हणून किंचाळले आणि पाय टाकला.

मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. इतक्या जोरानं की मी काठावर आपटले. चाचा. डोक्यावर अजून नमाजाची टोपी.

"सोडा! ती बघा, ती बघा खाली! दिसतेय!"

त्यांनी पाहिलं. त्यांचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. सगळं रक्त उतरलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस स्वतःच कोसळणार. पण ते खाली बसले, कुंपणाच्या खांबाला पाय लावले आणि माझं मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं. "रफिक!" असं ओरडले, की ती हाक अजून माझ्या कानात आहे.

"दिसतं तितं न्हाय पोरी. दिसतं तितं न्हाय."

मी त्यांना मारलं. बोचकारलं. तोंडाला येईल ते बोलले, म्हातारड्या, माझी पोर मरतेय, सोड. ते सोडेनात तेव्हा मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. रक्त आलं. त्यांनी हू की चू केलं नाही. तेच पुन्हा पुन्हा म्हणत होते, दिसतं तितं न्हाय.

रफिकभाई बागेतून धावत आले. तेही तसेच उडी टाकणार, तर चाचा गरजले, "दोर! दोर बांध आधी!" रफिकभाईंनी काठाचा दोर कमरेला बांधला आणि उतरले. उतरले कसले, घसरलेच. पहिल्याच पावलाला डोक्यावरून पाणी. सहा फुटी माणूस, दिसेनासा झाला. वर आले, धापा टाकत म्हणाले, "हाताला लागंना! लई खाली हाय!" पुन्हा बुडी मारली. मी ओरडायचंही थांबले होते. तळ हलत होता, ते लाल तुकडे तुकडे होऊन हलत होतं, आणि माझ्या मनगटावरची ती पकड, बस, एवढंच जगात होतं.

रफिकभाई वर आले. हातात दप्तर होतं.

लाल दप्तर. त्याचे दोन पट्टे लोंबत होते, त्यातून पाणी गळत होतं. मला काही कळेना. दप्तर वर आलं म्हणजे पोर अजून खालीच आहे, एवढंच कळलं. रफिकभाई पुन्हा बुडी मारायला वळले, आणि मोटारीच्या खोलीमागून बारीक आवाज आला.

"आई, मारू नको."

चिऊ उभी होती. अनवाणी, तोंड रडून सुजलेलं.

"पुस्तकं भिजली. मला मासा बघायचा होता. चाचा म्हणतात आधी टाकून बघ. दगडच नव्हता."

दगड नव्हता, खरंच. कागदाला भोक पडतं म्हणून रफिकभाईंनी तळ्याभोवतीचा एक एक दगड वेचून टाकला होता. चपला टाकून पाहाव्यात तर तरंगतात, हेही तिनं मला नंतर सांगितलं. म्हणून दप्तर. ते खाली जातच राहिलं, टेकेचना, तेव्हा ती घाबरली आणि मार बसेल म्हणून लपली. मी किंचाळत होते तेव्हा तिला वाटत होतं, आई दप्तरासाठी ओरडतेय.

मी तिला एक ठेवून दिली आणि मग उराशी धरून जी रडले, ती रडले. एका हातानंच. दुसरं मनगट चाचांनी अजून सोडलं नव्हतं. रफिकभाईंनी त्यांची बोटं एक एक करून सोडवली.

ऊन उतरल्यावर मी ड्रेसिंगचं सामान घेऊन चाचांकडं गेले. ते बाजेवर पडून होते. माझ्या दातांचे वण चांगले खोल गेले होते. मी जखम धुतली. माफी मागायला गेले होते आणि तोंडातून दुसरंच निघालं.

"चाचा, आणि ती खरंच खाली असती तर? तुम्ही मला तसंच धरून बसला असता?"

"व्हय."

"माझी पोर गेली असती तरी?"

"व्हय. दोघी जाऊ दिल्या नसत्या."

मला असा संताप आला की हातातली पट्टी तिथंच टाकून उठावं वाटलं. चाचा छताकडं बघत होते.

"माझा पोरगा तुझ्या चिऊएवढाच हुता," ते म्हणाले. "नरसिंगपूरच्या अलीकडं, नदीवर. हिवाळ्याचं पाणी, आरशावानी. तो उतरला. आमी धावलो तवा तळाला दिसत हुता. हात घातला की लागंल, असा. त्याची आई माझ्याजवळच हुती. तिचा हात माझ्या हातात हुता. ती म्हणली, सोडा, दिसतोय की."

मी पट्टी उलगडायला घेतली.

"दिसभर काचा घासणारा माणूस मी. मला ठाव हुतं, पोरी. ठोकळा रोज टेबलावर असायचा. पर मलाबी दिसत हुता. अगदी जवळ दिसत हुता." मग म्हणाले, "मी सोडला तिचा हात."

मी पट्टी बांधत राहिले. बांधून झाली तरी बांधत राहिले. मूलबाळ नव्हतं, असं आम्ही किती सहज म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी चाचांना ताप होता. मी घमेलं घेतलं. सुप्याची पोर मी, हंड्याच्या तळाचं पाणी झाडाला घालत वाढलेली. तीच मी त्या पाण्यात माती टाकायला निघाले होते. रफिकभाई मोटारीच्या खोलीपाशी उभे होते. मला वाटलं आता ओरडतील, आणि मीही भांडायच्या तयारीनंच गेले होते.

ते जवळ आले, घमेल्यात बघितलं आणि मातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"चाळून घ्या ताई. खड्यानं कागद फाटंल."

माती पसरत गेली. आधी कागदाच्या घड्या गेल्या, मग मासे, मग तळ. काही दिसेना झालं तेव्हा कुठं मला नीट श्वास घेता आला. पुढं रफिकभाईंनी मोठा फिल्टर बसवला आणि शिव्या देत देत तोच धुवायला लागले.

चाचा गेल्या थंडीत गेले. शेवटचे काही दिवस आमच्याच दवाखान्यात होते. माझी ड्युटी असली की सलाईन मीच लावायची. म्हाताऱ्या माणसाच्या शिरा वरून निळ्या, ठसठशीत दिसतात आणि सुई घातली की जागेवर नसतात. मी वाकून शोधत होते.

"दिसती का?" चाचांनी विचारलं.

"दिसतेय. पण बोटानं बघते."

ते डोळे मिटून हसले. बोटानं चाचपत मी मनगटापाशी आले आणि थांबले. तिथं माझ्या दातांचे वण होते, पांढुरके, अर्धगोल. इतक्या दिवसांत मी एकदाही धड माफी मागितली नव्हती. म्हटलं, "चाचा, हे माझ्यामुळं..."

त्यांनी दुसरा हात आणून त्या वणावर बोट ठेवलं. अचूक. बघितलंही नाही.

"असू दे पोरी," ते म्हणाले. "एवढं एक दिसतं तितंच हाय."